डाव्या पायाची कुळकथा

क्लच दाबण्यापलीकडे डाव्या पायाला सहसा दुसरं काम मिळालेलं नसतं. रॅलीच्या शाळेत मोकळ्या मैदानावर शिकवणारा सांगतो, "उजवा पाय रेसवर तसाच राहू द्या आणि डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करा." शिकणारा स्पर्शच करायला जातो, पण गाडी खाडकन थांबते, पट्टा छातीत रुततो आणि शेजारचा डॅशबोर्डला हात लावतो. क्लच तळापर्यंत दाबायची सवय जडलेला पाय ब्रेकही तसाच दाबतो. उजव्या पायाला जे बोट-दोन बोटांचं माप कळतं, ते डाव्याला नव्याने शिकवावं लागतं.

ही युक्ती कुठून आली याचा शोध घ्यायला लागलं की आपण थेट स्वीडनच्या बर्फात जाऊन पोचतो. ती निघाली एका अशक्त गाडीच्या अडचणीतून, आणि म्हणूनच मला ती आपल्या कामाची वाटते. आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात धावणाऱ्या गाड्या बहुतेक छोट्या, पुढची चाकं ओढणाऱ्या हॅचबॅक. रस्ते म्हणाल तर डांबर सोडलं की मुरूम, गिट्टी आणि संत्र्याच्या बागांमधून जाणारी पांदण.

आधी अडचण समजून घेऊ. छोट्या हॅचबॅकचं इंजिन पुढे, ओढणारी चाकंही पुढचीच. मुरमाच्या वळणावर वेगात शिरून रेस दाबली की वजन मागे सरकतं, पुढची चाकं हलकी पडतात, आणि स्टीअरिंग कितीही वळवलं तरी गाडीचं तोंड सरळ नाल्याकडे जातं. घाबरून रेस सोडली तर वेग मरतो. अशा वेळी रेस न सोडता डाव्या पायाने हलका ब्रेक लावला, की दोन गोष्टी एकदम घडतात. वजन पुढे येऊन पुढच्या चाकांना पकड मिळते; इंजिन त्यांना फिरवत असल्याने ती जॅम होत नाहीत. मागच्या चाकांमागे इंजिन नसतं, त्यामुळे ब्रेकचा सगळा परिणाम त्यांच्यावर होतो. मागची बाजू जरा बाहेर सरकते आणि तोंड वळणाच्या आत येतं.

शंकरपट पाहणाऱ्या किंवा नांगर हाकलेल्या माणसाला हे पटकन समजेल. धुऱ्यावर जोडी वळवताना धुरकरी आतल्या बैलाचा कासरा आवळतो आणि बाहेरच्याला हाकत राहतो. ओढ आणि आवर एकाच वेळी. दोन्ही सोडले तर जोडी भरकटते, दोन्ही आवळले तर उभी राहते.

आता स्वीडन. साब कंपनीची ९६ ही गाडी १९६० मध्ये आली. तीन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन, ८४१ सीसी, ताकद जेमतेम ४० अश्वशक्तीच्या आसपास, ओढणारी चाकं पुढची. लुना-राजदूतच्या काळात पंपावर पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घेतल्याचं ज्यांना आठवतं, त्यांना या इंजिनाचं दुखणं लगेच कळेल. वंगण पेट्रोलबरोबरच आत जातं. उतारावर रेस सोडली की पेट्रोल बंद, म्हणजे वंगणही बंद. आणि चाकं मात्र इंजिनाला फिरवत राहतात. इंजिन कोरडं घासून जाम होऊ नये म्हणून साबने त्यात फ्रीव्हील बसवलं. रेस सोडताच इंजिन चाकांपासून सुटायचं आणि गाडी मोकळी घरंगळायची.

या एका पुर्ज्याने दोन गोष्टी झाल्या. इंजिनाचा रोध मिळेनासा झाला, म्हणून वेग आवरायला ब्रेकच उरला. आणि फ्रीव्हील चालू असताना गिअर बदलायला क्लचची गरज पडेना, म्हणून डावा पाय रिकामा झाला. शिवाय त्या इंजिनाची ताकद फेऱ्यांच्या एका अरुंद पट्ट्यातच होती. उजवा पाय उचलला की ती हातची गेलीच. रिकामा पाय ब्रेकवर जाणं ओघानेच आलं. एरिक कार्लसन हा धिप्पाड स्वीडिश चालक याच गाडीत १९६०, ६१ आणि ६२ अशी सलग तीन वर्षं ब्रिटनची आरएसी रॅली जिंकला, आणि १९६२ व ६३ मध्ये माँटे कार्लोही. गाडी उलटी करण्याच्या ख्यातीमुळे लोक त्याला 'छपरावरचा कार्लसन' म्हणत. ४० अश्वशक्तीवाल्याला वळणात मिळवलेला वेग वाया घालवणं परवडत नाही, हे त्याच्याइतकं फार थोड्यांना कळलं असेल.

इंग्लंडात तेव्हा दुसरी छोटी गाडी गाजत होती. १९५६ च्या सुएझ संकटात पेट्रोलची टंचाई झाली, त्यातून ॲलेक इसिगोनिसने आखलेली मिनी १९५९ मध्ये आली: दहा फूट लांब, दहा इंची चाकं, इंजिन आडवं बसवलेलं. आजच्या बहुतेक छोट्या हॅचबॅकची मांडणी तिच्याच घराण्यातली. जॉन कूपरने तिला ताकद चढवली आणि १९६१ मध्ये मिनी कूपर झाली. तिला पहिलं मोठं आंतरराष्ट्रीय यश मिळवून दिलं पॅट मॉसने, १९६२ च्या नेदरलँड्समधल्या ट्युलिप रॅलीत. पॅट म्हणजे रेसर स्टर्लिंग मॉसची बहीण. पुढच्याच वर्षी तिने लग्न केलं ते एरिक कार्लसनशी. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या दोन घराण्यांची ही सोयरीक मला फार आवडते.

मिनीच्या संघाचा व्यवस्थापक स्टुअर्ट टर्नर याने फिनलंडचे राउनो आल्टोनेन आणि टिमो मॅकिनेन हे दोघे आणले. बर्फ आणि खडीवर वाढलेल्या या चालकांनी डाव्या पायाचा ब्रेक मिनीत रुजवला. १९६४ ची माँटे कार्लो उत्तर आयर्लंडच्या पॅडी हॉपकर्कने मिनीत जिंकली. मागे राहिलेल्यांत ४.७ लिटरची अमेरिकन फोर्ड फाल्कनही होती. इंजिनाच्या आकारानुसार गुण देण्याचं सूत्र मिनीच्या बाजूचं होतं, हेही सांगायला हवं. १९६५ मध्ये मात्र तुफान बर्फ पडलं, २३७ पैकी फक्त ३५ गाड्या शेवटपर्यंत पोचल्या, आणि पहिला होता मॅकिनेन. १९६६ ला मिनी पहिल्या तिन्ही जागांवर आल्या, तर हेडलाइटच्या नियमावर बोट ठेवून त्यांना बाद केलं. १९६७ ला आल्टोनेनने ती मिनीसाठी पुन्हा जिंकली.

त्याच वर्षी फिनलंडच्या थाउजंड लेक्स रॅलीत, औनिनपोह्याच्या उड्यांच्या रस्त्यावर, मॅकिनेनच्या मिनीचा बॉनेटचा पट्टा सुटला. बॉनेट उघडून काचेसमोर उभं राहिलं. पुढचं काही दिसेना. थांबून ते बंद करण्याऐवजी मॅकिनेनने डोकं खिडकीबाहेर काढलं आणि त्याच वेगाने गाडी पळवली. रॅली तोच जिंकला. त्याचं छायाचित्र आजही पाहायला मिळतं: उभं बॉनेट आणि बाजूने डोकावणारं डोकं.

पुढे फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय १९७६ मध्ये बाजारात आली. १.६ लिटर, ११० अश्वशक्ती; कंपनीचा बेत अवघ्या ५००० गाड्यांचा होता, खपल्या लाखोंनी. 'हॉट हॅच', म्हणजे ताकदवान छोटी हॅचबॅक, हा प्रकार तिथून घरोघर पोचला. १९८४ ची पूजो २०५ जीटीआय त्याच वाटेवरची. केनेथ एरिक्सनने १९८६ मध्ये गोल्फमध्ये रॅलीच्या ग्रुप ए या गटाचं जागतिक विजेतेपद मिळवलं. तोवर चारही चाकं ओढणारी ऑडी क्वाट्रो आली होती. तिचंही तोंड जड, वळणात बाहेर जाणारं. तिच्यावर उपाय चालला तो साबच्या शाळेचाच: साबमध्ये तयार झालेला स्टिग ब्लोमक्विस्ट डाव्या पायाने ती वळवायचा. १९८४ चा जगज्जेता तोच.

आपल्याकडे हे सगळं उशिरा आलं, कारण गाड्याच वेगळ्या होत्या. ॲम्बॅसेडर आणि पद्मिनी मागच्या चाकांनी ढकलणाऱ्या. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि पुढून ओढणारी गाडी सामान्य माणसाच्या दारात उभी राहिली. मग झेन, स्विफ्ट, पोलो. राष्ट्रीय रॅली अजिंक्यपदाच्या यादीत पोलो वर्षानुवर्षं दिसत राहिली, आणि त्या मालिकेची फेरी 'रॅली ऑफ महाराष्ट्र' म्हणून नाशिककडच्या रस्त्यांवरही झाली. दिल्लीच्या गौरव गिलने २०१३, २०१६ आणि २०१७ मध्ये आशिया-पॅसिफिक विजेतेपद मिळवलं ते स्कोडा फाबियात, म्हणजे हॅचबॅकमध्येच. २०१९ चा अर्जुन पुरस्कार त्याला मिळाला. मोटरस्पोर्टमधला तो पहिलाच. पुण्याचे संजय टकले तर २०२५ च्या डकार रॅलीत क्लासिक गटात उतरले.

पांढुर्ण्याहून नागपूर-बैतूल महामार्ग जातो आणि सौंसरहून छिंदवाड्याकडे निघालं की सिल्लेवानीचा घाट लागतो. तिथे वळणं पाहून पोरांचे हात शिवशिवतात, हे मी ओळखतो. पण घाट सगळ्यांचा आहे. वळणापलीकडे संत्र्याची ट्रॉली असते, शाळेची बस असते. रॅलीचा टप्पा दोन्ही टोकांनी बंद केलेला असतो, चालकाच्या अंगावर हेल्मेट आणि गाडीत पिंजरा असतो, शेजारी वळणं वाचून सांगणारा सहचालक असतो. हे काहीच नसताना केलेली नक्कल म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळ.

शिकायचं तर मैदानावर, शिकवणाऱ्यासमोर. दुसरा गिअर, मोठं वर्तुळ, रेस एकसारखी, आणि डाव्या पायाची फक्त पुढची बोटं ब्रेकवर. टाच जमिनीला टेकलेली असली की जोर आपोआप कमी लागतो. गाडीचं तोंड आत आल्याचं आधी कमरेला कळतं, डोळ्यांना नंतर. गाडी कुठली न्यावी, हेही आधी विचारून घ्यावं: बऱ्याच नव्या गाड्यांमध्ये ब्रेक आणि रेस एकत्र दाबले की संगणक इंजिनाची ताकद तोडतो. रोजच्या रस्त्यावर ते योग्यच आहे, पण त्या गाडीवर ही विद्या शिकता येत नाही. वायरने चालणाऱ्या रेसची एखादी जुनी झेन या कामाला जास्त उपयोगी पडते.