चोपण जमीन आणि आवर्तसारणीचे पहिले दोन गण

मातीच्या कणांनी धरून ठेवलेल्या धन आयनांत सोडियमचा वाटा १५ टक्क्यांवर गेला आणि सामू ८.५ च्या वर चढला, की त्या जमिनीला चोपण म्हणतात. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरा, गोदावरी व मुळा यांच्या कालव्यांखालच्या भारी काळ्या रानांत ती आढळते. तिचा बिघाड आणि त्यावरचा उतारा, दोन्ही आवर्तसारणीच्या डावीकडच्या दोन उभ्या स्तंभांत सापडतात.

दिमित्री मेंडेलीव्ह यांनी १८६९ मध्ये मूलद्रव्ये अणुवस्तुमानाच्या चढत्या क्रमाने मांडली. न सापडलेल्या मूलद्रव्यांसाठी त्यांनी जागा मोकळ्या सोडल्या आणि त्यांना एका-बोरॉन, एका-ॲल्युमिनियम, एका-सिलिकॉन अशी नावे दिली. यातला ‘एका’ म्हणजे संस्कृतातला, आपलाच ‘एक’. १९१३ मध्ये मोस्ली यांच्या क्ष-किरण प्रयोगांनी वस्तुमानाऐवजी अणुअंक हा मांडणीचा पाया ठरला. आज सारणीत १८ गण, ७ आवर्तने व ११८ मूलद्रव्ये आहेत.

पहिल्या गणातील अल्क धातूंच्या बाह्यतम कवचात एकच इलेक्ट्रॉन असतो. गणात खाली जावे तसे कवच वाढते, अणू मोठा होतो आणि तो इलेक्ट्रॉन सोडवणे सोपे जाते. त्यासाठी लागणारी पहिली आयनीभवन ऊर्जा लिथियमची ५२०, सोडियमची ४९६, पोटॅशियमची ४१९ आणि सीझियमची ३७६ किलोज्यूल प्रति मोल आहे. सोडियमचा तुकडा पाण्यावर सुसाट पळतो हा प्रयोग शाळेत सगळ्यांना ठाऊक असतो. शेताला मात्र धातूशी देणेघेणे नाही. तिथे सगळा कारभार आयनांचा. आयनांची त्रिज्याही खाली वाढत जाते : लिथियम ७६, सोडियम १०२, पोटॅशियम १३८ पिकोमीटर. पण लहान आयन आपल्याभोवती पाणी अधिक घट्ट धरतो, त्यामुळे पाण्याच्या वेष्टनासकट मोजले तर क्रम उलटतो. पोटॅशियमचे वेष्टन सैल असते. ते टाकून तो चिकणमातीच्या पापुद्र्यांमधल्या खाचांत जाऊन बसतो. सोडियम पाणी घेऊन बाहेरच रेंगाळतो.

दुसरा गण अल्कधर्मी मृदा धातूंचा. यांच्या आयनांवर दोन धन प्रभार असतात. कॅल्शियम आयनाची त्रिज्या १०० पिकोमीटर, म्हणजे जवळजवळ सोडियमएवढीच; आकार तोच, प्रभार दुप्पट. या नोंदीतला हा सर्वांत महत्त्वाचा आकडा. या गणातील सल्फेटांची विद्राव्यता खाली झपाट्याने घटते. मॅग्नेशियम सल्फेट लिटरभर पाण्यात तीनशे ग्रॅमांहून अधिक विरघळते, जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) दोन-अडीच ग्रॅम आणि बेरियम सल्फेट जेमतेम अडीच मिलिग्रॅम. म्हणूनच पोटाच्या क्ष-किरण तपासणीपूर्वी रुग्णाला बेरियम सल्फेट बिनधोक पाजता येते, एरवी विद्राव्य बेरियम विषारी असले तरी. डाळ शिजू न देणारे, साबणाला फेस न येऊ देणारे बोअरचे जड पाणी हेही याच गणातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचे काम.

जिल्ह्याचा पाया सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या बेसाल्टचा आहे. त्यातील फेल्डस्पार झिजून सोडियम व कॅल्शियम दोन्ही सुटे होतात. राहुरीजवळच्या मोमीन आखाडा येथील खाणींतले अपोफिलाइटचे स्फटिक जगभरच्या संग्राहकांना परिचित आहेत. त्या एका खनिजात पोटॅशियम (गण १), कॅल्शियम (गण २), सिलिकॉन (गण १४), ऑक्सिजन (गण १६) आणि फ्लोरिन (गण १७) एकत्र नांदतात. हिरवी छटा येते ती गण ५ मधल्या व्हॅनेडियममुळे.

पर्जन्यछायेतल्या या मुलखात झीज होऊन सुटलेले क्षार पुरते वाहून जात नाहीत. कॅल्शियम कार्बोनेट पाण्यात जवळजवळ अविद्राव्य, म्हणून ते चुनखडीच्या खड्यांच्या रूपाने मातीतच बसते. सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा, सहज विरघळते. कॅल्शियम असा हिशेबातून बाद होतो आणि द्रावणात सोडियमचे राज्य उरते. भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि प्रवरेचे कालवे बारमाही उसाला पाणी देऊ लागले. १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाल्यावर उसाचा पसारा आणखी वाढला. जिथे पाणी जास्त आणि निचरा कमी, तिथे भूजल वर चढले आणि बाष्पीभवनाने क्षार माथ्यावर आणून ठेवले. नीरा उजवा व प्रवरा कालव्यांवरील जमिनींचा बसू व सिरूर यांनी केलेला अभ्यास १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे प्रश्न सहकारी कारखानदारीहून जुना आहे. १९६८ मध्ये स्थापन झालेले राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ याच पट्ट्यात आहे.

काळ्या मातीच्या चिकण कणांवर ऋण प्रभार असतो. दोन प्रभारांचा कॅल्शियम शेजारचे कण जवळ ओढून त्यांचे ढेकूळ बांधतो, त्यातून हवा-पाणी खेळते. त्याची जागा सोडियमने घेतली की कण एकमेकांना ढकलू लागतात, सुटे होतात आणि मातीची छिद्रे बुजवतात. असे रान ओले असताना साबणासारखे बुळबुळीत, वाळले की दगड. दोन्हींच्या मधला वाफसा शेतकऱ्याच्या हाती लागतच नाही. क्षारयुक्त जमीन वेगळी. तिच्यावर पांढरा थर दिसतो आणि निचरा असेल तर नुसत्या पाण्याने ती धुता येते. चोपण रान नुसत्या गोड्या पाण्याने धुतले तर आणखी बिघडते. ही गफलत आजही होते आणि महागात पडते.

उपाय जिप्समचा. आकार सोडियमएवढा, प्रभार दुप्पट, म्हणून कॅल्शियम त्याला कणांवरून हुसकतो. सुटलेला सोडियम सल्फेट होऊन पाण्याबरोबर जातो. हिशेब असा : ४६ ग्रॅम सोडियम हलवायला १७२ ग्रॅम जिप्सम. रानात चुनखडी भरपूर असली तरी चढ्या सामूत ती विरघळत नाही, तेव्हा ती असून नसल्यासारखी. तिच्यातला कॅल्शियम मोकळा करायला गंधक किंवा कारखान्याचे प्रेसमड घालतात आणि धैंचा पेरून फुलोऱ्यापूर्वी गाडतात. जिप्समची मात्रा माती तपासूनच ठरवावी. चर काढण्याआधी मात्र पोते फोडू नये : वाट नसेल तर सुटलेला सोडियम शेतातच राहतो आणि उन्हाळ्यात पुन्हा वर येतो.