मळवलीचे देव आणि पडद्यावरचे

लोणावळ्याच्या बाजारात आमचं तसबिरींचं दुकान आहे, वडिलांनी घातलेलं. काच कापायची, पट्टी जोडायची, मागे पुठ्ठा ठोकायचा. सिनेमा मी बेताचाच बघतो; लागला आणि वेळ असला तर. तरी त्यातलं मला जे आवडतं-नावडतं ते या धंद्यातूनच आलंय, आणि धंद्याचं मूळ आहे शेजारच्या मळवलीत.

अजूनही कोणीतरी माळ्यावरून उतरवलेली, कसरीने कडा खाल्लेली लक्ष्मी घेऊन येतं. काच काढली की एखादीच्या खाली बारीक इंग्रजी अक्षरं दिसतात : रवि वर्मा प्रेस, कार्ला–लोणावळा. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला. पुढे मुंबईत प्लेगने थैमान घातलं, त्याच काळात, १८९९ च्या सुमारास, कारखाना मळवलीला आला. एकेका रंगाला वेगळा दगड, तोही जर्मनीचा. तोच कागद पाळीपाळीने सगळ्या दगडांवर दाबायचा. केसभर सरकला की देवीची लाली ओठ सोडून हनुवटीवर. कारखाना कर्जात गेला आणि १९०१ मध्ये तिथल्याच जर्मन तंत्रज्ञाने, फ्रिट्झ श्लायशरने, तो विकत घेतला.

हे छाप येण्याआधी आमच्याकडे घरचे देव म्हणजे देव्हाऱ्यातले टाक, गावचा देव म्हणजे शेंदूर फासलेला तांदळा. पाणीदार डोळ्यांची, जरीचं लुगडं नेसलेली लक्ष्मी गरिबाच्या भिंतीवर आली ती या आणि पुण्याच्या चित्रशाळेच्या छापांमुळे. बायका त्या चित्रांवर खरी जर आणि टिकल्या शिवायच्या. अशी तसबीर उघडताना माझा हात आजही जपून चालतो.

आता सिनेमावाले फाळके. पुरातत्त्व खात्यातली नोकरी सोडून धुंडिराज गोविंद फाळक्यांनी छापखाना काढला तो आमच्या लोणावळ्यात, आणि त्यांचं मुख्य काम रविवर्मा प्रेससाठी. मग बिऱ्हाड दादरला गेलं, भागीदारी फिसकटली. १९११ च्या ईस्टरला गिरगावच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी ख्रिस्ताचा सिनेमा पाहिला. पडद्यावर ख्रिस्त सरकत असताना आपल्याला राम-कृष्ण दिसत होते, असं त्यांनी पुढे स्वतः लिहिलंय. त्या राम-कृष्णांचे चेहरे कोणते असतील? ज्या माणसाने मळवलीच्या देवांचे रंग दगडावर उतरवले, त्याला दुसरे कोणते दिसणार! हा माझा तर्क. पण ३ मे १९१३ ला लागलेल्या त्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चा सुरुवातीचा तुकडा शिल्लक आहे, तो बघा. राजा मुलाला बाण मारायला शिकवतोय, राणी शेजारी. चौकट आणून ठोकायचीच बाकी. राणी म्हणजे अण्णा साळुंके नावाचा हॉटेलातला गडी, हे कळल्यावरही माझं मत बदललं नाही.

म्हणून पौराणिक सिनेमाला माझी एकच कसोटी : तसबिरीतला चेहरा आला का? ‘जय संतोषी माँ’ (१९७५) सिनेमा म्हणून अगदी यथातथा. पण लोक थिएटरबाहेर चपला काढून आत जायचे, पडद्यावर नाणी टाकायचे, आणि वडिलांच्या दुकानात जिचं नाव कोणी घेत नव्हतं त्या देवीच्या तसबिरींना एकदम मागणी आली. तोवर मळवलीचा कारखाना १९७२ च्या आगीत गेला होता. पहिल्यांदा भिंतीवरचा देव पडद्यावर गेला, या खेपेला पडद्यावरची देवी भिंतीवर आली.

संतपटात मात्र ‘संत तुकाराम’ (१९३६). तुकोबांचा भंडाऱ्याचा डोंगर आमच्या तालुक्यात, त्यामुळे थोडा पक्षपात धरा. विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा गोड आहेतच, पण मी बघतो ती त्यांची बायको, गौरीची जिजाई. तिची तसबीर कोणी केली नव्हती, कसोटीला काही नव्हतंच. तरी ती कामशेतच्या बाजारात घासाघीस करताना भेटेल अशी वाटते. व्हेनिसच्या महोत्सवात या सिनेमाचा गौरव झाला. तिथल्या लोकांना तुकोबा काय ठाऊक? जिजाई कळली असणार.

ऐतिहासिक सिनेमांशी माझं जमत नाही. भालजी पेंढारकरांच्या ‘छत्रपती शिवाजी’तले (१९५२) चंद्रकांत मांडरे चालतात. हल्लीच्या सिनेमांतले मावळे तालमीतून थेट आल्यासारखे, दाढ्या कातरलेल्या. पवन, नाणे, आंदर ही तिन्ही मावळं इथलीच. भातखाचरात चिखलणी करून आलेला गडी कसा दिसतो ते आम्ही दर पावसाळ्यात बघतो. सडसडीत आणि दमलेला. लोहगड-विसापूर खिडकीतून दिसत असताना संगणकावर उभारलेला बुरूज मला कसा पटावा?

भुताच्या सिनेमात पावसातला बंगला आला की मला हसू येतं. आमच्याकडे तसे बंगले कितीतरी, आणि रखवालदाराची तक्रार गळतीची असते. त्यापेक्षा ‘झपाटलेला’ बरा. प्रेमपटांनी खंडाळ्याला नाव मिळवून दिलं आणि शनिवार-रविवारी घाटात गाड्यांची रांग. अधिक बोलत नाही.

विनोदी सिनेमाला कसोटी लावावीशी वाटत नाही. अशोकमामांची, म्हणजे अशोक सराफांची, तसबीर करून द्या म्हणत आजवर एक गिऱ्हाईक आलेलं नाही. पण सकाळी टीव्हीवर ‘अशी ही बनवाबनवी’ लागला की दुकान उशिराच उघडतं.