‘लवकर’ नावाचा बटाटा आणि कायम बाहेरून येणारं बेणं

रांजणगावच्या एमआयडीसीत पेप्सिकोचा चिप्सचा कारखाना आहे, हे शिरूर-दौंडच्या माणसाला सांगायला नको. पण त्या कढईत जाणाऱ्या बटाट्याचं वाण कुणी काढलं, कुठे तपासलं, हे कुणी विचारत नाही. बटाट्याचा खरा पट्टा शेजारचा, खेड-आंबेगावचा. आपण कांदा-उसाचे. तरी कराराचा कागद उद्या आपल्याही बांधावर येऊ शकतो, म्हणून हा इतिहास.

‘बटाटा’ हा शब्दच पोर्तुगीजांचा. उत्तरेत ‘आलू’ झाला, आपण पोर्तुगीज नाव धरून बसलो. इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यात बेणं इटलीहून बोटीने यायचं. १९०६ च्या सुमारास त्याच बेण्याबरोबर बटाट्याची पाकोळी इथे उतरली. शेतात बटाट्याची आरण लावणाऱ्यांना ती अळी काय करते ते माहीत आहे. वरून बटाटा ठणठणीत, आत पोखरलेला. म्हणजे बाहेरच्या बेण्याची किंमत आपण शंभर वर्षांपूर्वीच मोजली.

मग घरचं बेणं का नाही ठेवत? ठेवतात की. पण आपल्याकडे ऊब जास्त, मावा जास्त, आणि मावा व्हायरस पसरवतो. दोन-तीन हंगामांत पीक घसरतं. यावर शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेच्या पुष्करनाथांनी तोडगा काढला. पंजाबसारख्या मैदानी भागात थंडीत लागण करायची आणि मावा वाढायच्या आत, जानेवारीच्या सुरुवातीला, पाला कापून टाकायचा. तेव्हापासून देशाचं बेण्याचं कोठार तिकडे गेलं. मंचरला जालंधरच्या बेण्याचे ट्रक लागतात ते यामुळे.

ही संस्था १९४९ साली पाटण्यात सुरू झाली, १९५६ मध्ये शिमल्याला गेली. कारण साधं. लांब दिवस आणि थंडी असली की बटाट्याला नीट फुलं येतात, आणि फुलाशिवाय संकर नाही. शिमल्याजवळच्या कुफरीत हे काम चालतं, म्हणून वाणांची नावं ‘कुफरी’ने सुरू होतात. डोळा लावला की तोच बटाटा पुन्हा येतो. पण फळातल्या बारीक बियांतून उगवलेलं प्रत्येक रोप वेगळं, सख्ख्या भावंडांसारखं. अशी हजारो रोपं लावायची, दरवर्षी टाकत जायची, उरलेली वेगवेगळ्या राज्यांत तपासायची. एक वाण हाती यायला दहा-बारा वर्षं सहज जातात.

१९७२ साली आलेलं ‘कुफरी लवकर’ हे दख्खनच्या पठारासाठीचं. शिमल्याच्या संस्थेचं वाण आणि नाव मराठी वाटावं असं! लवकर पोसणारं वाण इथे लागतंच, कारण पावसावरच्या खरिपात मुदत कमी, आणि रब्बीत फेब्रुवारीची ऊन्हं येतात. रात्र गार नसेल तर झाड पाल्यावर जातं, खाली गोळा धरत नाही. पंजाबात उत्तम येणारं वाण आपल्याकडे फसतं ते इथेच.

चिप्सची परीक्षा आणखी वेगळी. पाणी कमी, घट्टपणा जास्त, साखर अगदी थोडी. साखर वाढली की चकती तेलात काळी पडते. यासाठीचं आपलं ‘कुफरी चिप्सोना’ १९९८ चं. अमेरिकेत मात्र घाईचा धडा मिळाला होता. १९६७ चं ‘लेनापे’ चिप्सला झकास, पण त्यात बटाट्यातलं नैसर्गिक विष जास्त निघालं आणि १९७० मध्ये ते मागे घ्यावं लागलं. गंमत म्हणजे त्याचंच लेकरू ‘ॲटलांटिक’ १९७६ मध्ये आलं, तावून-सुलाखून, आणि पुढे चिप्ससाठी भारतातही लावलं गेलं.

हक्काचा वाद २०१९ चा. पेप्सिकोने आपल्या नोंदणीकृत वाणावरून गुजरातच्या शेतकऱ्यांवर दावे लावले, ओरड झाल्यावर मागे घेतले. २०२१ मध्ये त्या वाणाची नोंदणी रद्द झाली, जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्दचा निर्णय फिरवला. पण २००१ च्या कायद्याचं कलम ३९ जागेवर आहे. संरक्षित वाणाचं बेणंसुद्धा शेतकरी ठेवू शकतो, लावू शकतो, देऊ-विकू शकतो. फक्त ब्रँड लावून विकायचं नाही. करारावर सही केली तर त्यातल्या अटी वेगळ्या, त्या आधी वाचा.

आणि कंपनीच्या माणसाला एक विचारा, हे वाण आमच्या भागात किती हंगाम तपासलं? देशभरच्या बटाटा चाचण्यांचं एक केंद्र पुण्यातच आहे. पण तिथले आकडे दौंडच्या कॅनॉलखालच्या काळ्या रानाला आणि शिरूरच्या मुरमाड माळाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. दोन्ही तालुक्यांत एकेक चाचणी प्लॉट मागायला काय हरकत आहे? ग्रामसभेचा ठराव करून तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यायचा, एवढंच काम आहे.