मातीचे मावळे आणि कवायती शिपाई

कात्रजच्या घाटाविषयी पुण्यात एक कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. एप्रिल १६६३ मध्ये लाल महालावरील छाप्यानंतर, पाठलागावर निघालेल्या मोगलांची दिशाभूल व्हावी म्हणून बैलांच्या शिंगांना पोत बांधून ते या घाटाकडे पिटाळण्यात आले, अशी ती कथा. साधनांच्या कसोटीवर तिची परीक्षा करणे येथे कर्तव्य नाही. परंतु महानगरात सामावून गेलेल्या आजच्या कात्रजमध्ये, अंगणात किंवा इमारतीच्या आवारात, दिवाळीच्या सुमारास मुले जो किल्ला रचतात, त्याची मनोभूमी हीच होय. दगडविटांवर पोते अंथरून चिखल लिंपावा, हळीव वा मोहरी पेरून रान उगवावे, माथ्यावर सिंहासनाधिष्ठित शिवाजी महाराज बसवावे आणि खाली वाटेवर मावळे उभे करावे, हा क्रम सर्वांच्या परिचयाचा आहे.

या मावळ्यांचे रंगकाम मात्र फारसे कोणी निरखून पाहत नाही. अंगरख्याला पांढरा, पागोट्याला लाल, मिशीला काळा. चार फटकाऱ्यांत माणूस उभा राहतो. दरवाजापेक्षा पहारेकरी उंच असला तरी कोणाचे अडत नाही. प्रमाण व गणवेश यांची ही उपेक्षा अज्ञानातून येते असे म्हणणे उथळपणाचे ठरेल. या प्रतिमेचा हेतू विशिष्ट दिवशीची विशिष्ट तुकडी दाखविण्याचा नसून एका युगाचे स्मरण करण्याचा असतो.

युरोपातील छोट्या सैनिकांची परंपरा निराळ्या हेतूने वाढली. न्यूरेंबर्गच्या कारागिरांचे कथलाचे चपटे शिपाई प्रथम खेळणीच होते; पण प्रशियात राइस्विट्झ पितापुत्रांनी, पित्याने १८१२ मध्ये राजापुढे व पुत्राने १८२४ मध्ये सुधारून, युद्धाचा खेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणाचे साधन म्हणून मांडला. १९१३ मध्ये एच. जी. वेल्स यांनी खेळण्यांतल्या शिपायांच्या लढाईचे नियम पुस्तकरूपाने दिले. आज नेपोलियनकालीन सैन्ये मेजावर लढविणारा हौशी माणूस पंधरा किंवा अठ्ठावीस मिलिमीटरच्या शिपायावर आधी अस्तराचा हात देतो, मग पातळ रंगाचे थर चढवितो, खाचांत गडद छटा सोडतो आणि कोरड्या कुंचल्याने उंचवटे उजळतो. गळपट्टीचा रंग चुकला तर पलटणच बदलते, म्हणून तो ग्रंथ धुंडाळतो. येथे रंग हे विधान असते आणि विधानाला पुरावा द्यावा लागतो. विल्यम सायबोर्नने वॉटर्लूची प्रतिकृती १८३८ मध्ये लंडनमध्ये मांडली, तेव्हा हे प्रकर्षाने दिसून आले. तीत सत्तर हजारांहून अधिक चिमुकले शिपाई होते. लढाईत वाचलेल्या अधिकाऱ्यांना पत्रे लिहून त्याने प्रत्येक तुकडीचे स्थान ठरविले होते. त्यानुसार प्रशियन सैन्याला रणभूमीवर जी जागा मिळाली, ती वेलिंग्टनच्या पक्षाला रुचली नाही. पुढे त्यातले बरेचसे प्रशियन शिपाई उचलून घेण्यात आले. कथलाच्या शिपायांनाही इतिहासातून हद्दपार करता येते!

हा वेलिंग्टन म्हणजेच आर्थर वेलस्ली. एप्रिल १८०३ मध्ये तो पुण्यात आला आणि त्याच वर्षी २३ सप्टेंबरला आसई येथे शिंद्यांच्या फौजेशी लढला. नेपोलियनच्या युगातील मराठी शिपाई कोण, या प्रश्नाचे उत्तर तेथे मिळते. आसईला वेलस्लीसमोर मावळ्यांच्या गनिमी टोळ्या नव्हत्या. पोलमन नावाच्या हॅनोव्हरवासी सेनापतीच्या हाताखालची, संगिनी लावलेल्या बंदुकांची कवायती पलटणे आणि शेवटपर्यंत जागा न सोडणारे गोलंदाज होते. दीड हजारांहून अधिक माणसे जायबंदी वा ठार झाल्यावरच इंग्रजांना तो जय मिळाला. महादजी शिंद्यांनी १७८४ पासून द बॉयन्य याच्याकरवी उभारलेल्या सैन्याची ही परंपरा. महादजींची छत्री वानवडीस, म्हणजे कात्रजपासून काही मैलांवर आहे. पेशव्यांकडेही असे शिपाई होते: ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या मैदानावर बापू गोखल्यांच्या घोडदळाबरोबर द पिंतो या पोर्तुगीजाचे कवायती पलटण पुढे सरसावले होते.

दिवाळीच्या किल्ल्यावर मात्र या शिपायाला जागा नाही. तो पराभूत झाला, हे कारण पुरेसे नाही. पानिपतचा पराभव मराठी मनाने हृदयाशी धरला आहे. खरी अडचण अशी की, तो कोणाचा हे ठरत नाही. त्याची कवायत परकी, सरदार परका, आणि पुष्कळदा तो स्वतःही अन्य प्रांतांतून आलेला. त्यातच ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा वध झाला. इब्राहिमखानाच्या नावाशी जोडलेला ‘गारदी’ हा शब्द पानिपतावर निष्ठेचा होता; त्या दिवसानंतर तो मारेकऱ्याचा झाला आणि आजतागायत तसाच राहिला. एका घटनेने शब्दाचा असा कायमचा अर्थपालट क्वचितच होतो.

मातीने ज्याला नाकारले त्याला भाषेने मात्र नकळत सांभाळले. ‘तिलंगा’ हे नाव कंपनीच्या आरंभीच्या तेलुगू मुलखातील शिपायांची आठवण देते. ‘काडतूस’ व ‘कप्तान’ पोर्तुगीजांकडून आले. ‘कवायत’ अरबी मुळाची. ‘पलटण’ आणि ‘कंपू’ हे युरोपीय शब्द इतके रुळले की त्यांचे परकेपण कोणास जाणवत नाही. फौजेचा तळ दाखविणारा ‘कंपू’ आता संगनमत करणाऱ्या टोळक्यापुरता उरला आहे. शिंद्यांची पलटणे जाऊन दोन शतके लोटली. तरी कात्रजच्या एखाद्या आवारात मुले चिखलाने माखलेले हात घेऊन किल्ल्याभोवती जमली की, गॅलरीतून पाहणारी आजी आजही हेच म्हणते, की आली ही पलटण!