ठगांच्या वंशावळ्या आणि नोंदवहीतील रकाना

घडलेल्या गुन्ह्याचा माग काढणे हे पोलिसांचे जुने काम होय. अनेक गुन्ह्यांच्या नोंदी एकत्र करून त्यांतील सूत्र शोधणे हे काम निराळे. त्यासाठी स्वतंत्र खाते चालविण्याचा एक मोठा प्रयोग एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात जबलपूर येथे झाला.

वाटसरूंचा विश्वास संपादून रुमालाने गळा आवळणारे ठग एका राज्यात गुन्हा करीत आणि दुसऱ्यात आश्रय घेत. ग्वाल्हेर, इंदूर, हैदराबाद अशा संस्थानांच्या सीमांपाशी इंग्रजी मॅजिस्ट्रेटचा तपास अडखळे. १८३५ साली ठगी खात्याचा प्रमुख झालेल्या विल्यम स्लीमनने माफीच्या साक्षीदारांचे जबाब घेतले, ते एकमेकांशी ताडून पाहिले आणि त्यांनी दाखविलेल्या जागा खणून प्रेते बाहेर काढविली. हत्यांच्या ठिकाणांचे नकाशे व टोळ्यांच्या वंशावळ्या तयार झाल्या. ठगांच्या सांकेतिक बोलीचा कोशही १८३६ साली छापला गेला.

खणलेल्या जमिनीची साक्ष जबाबाला मिळे, तोवर ही पद्धत न्यायाला धरून होती. तथापि काही अनुमानांना अशी कसोटी लागलीच नाही. ठगांत मुसलमानही होते, तरी भवानीची भक्ती हेच या गुन्ह्याचे मूळ मानले गेले. १८३६ च्या ३० व्या कायद्याने टोळीत सामील असणे एवढ्यावरच जन्मठेपेची शिक्षा ठरविली. अमुक एक खून शाबीत होण्याची गरज उरली नाही. आणि साथीदार हुडकण्यासाठी काढलेली वंशावळ गुन्हा रक्तातून उतरतो या समजाला आधार देऊ लागली.

पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने हा समज कायद्यात आणला. संपूर्ण जमातींची नावे नोंदवहीत चढली. सोलापूर व हुबळी येथील वसाहतींत माणसांना कुंपणाआड राहून हजेरी द्यावी लागे. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, परंतु दप्तरातील सवय मागे राहिली. कैद्यांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाका, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २०२४ साली द्यावा लागला.

आज गुन्ह्यांचे नकाशे यंत्रे काढतात व त्यांचा उपयोगही निःसंशय आहे. मात्र कोणत्या वस्तीत आधीपासून अधिक नोंदी केल्या गेल्या, हे यंत्र आपण होऊन सांगत नाही. म्हणून अशा प्रत्येक नोंदीला वकिलाने व न्यायाधीशाने एकच प्रश्न विचारावा: येथे माणसाचे कृत्य लिहिले आहे की त्याचे कूळ?