बायेल्साचा प्रश्न

एप्रिल २०१९मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात नायजेरियाहून एक शोधनिबंध आला. बायेल्सा राज्यातल्या नायजर डेल्टा विद्यापीठाच्या रुग्णालयाने २०१७च्या साथीत २१ मंकीपॉक्स रुग्ण पाहिले होते, त्यांची ती हकीकत. लिहिणाऱ्यांत डॉ. डिमिए ओगोइना होते. रुग्ण बहुतेक तरुण, त्यांतही पुरुष जास्त. अनेकांच्या गुप्तांगावर व्रण. काहींना जोडीला सिफिलिस किंवा एचआयव्ही. हे चित्र जुन्या नोंदींशी जुळेना. १९७०मध्ये काँगोत माणसातला पहिला रुग्ण सापडला तो तान्हा मुलगा होता. पुढच्या नोंदींतही लागण जंगलातल्या प्राण्यांपासून, मग घरातल्या घरात, असाच क्रम येतो. बायेल्साच्या डॉक्टरांनी म्हणून जपून लिहिलं: शरीरसंबंधातून लागण सिद्ध झालेली नाही, पण शक्य दिसते, कातडीला कातडी लागून किंवा जननेंद्रियांच्या स्रावांतून. त्या स्रावांचा अभ्यास व्हायला हवा, असंही त्यांनी सुचवलं.

अभ्यास झाला तो तीन वर्षांनी, युरोपात. मे २०२२मध्ये तिथे रुग्ण सापडू लागल्यावर मात्र कागद भराभर निघाले. २ जूनला 'युरोसर्व्हेलन्स'मध्ये रोमच्या स्पॅलांझानी संस्थेचा लेख आला. रुग्ण अवघे चार, सगळे पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, संबंध निरोधाशिवाय आलेले. चौघांपैकी तिघांच्या वीर्यात मंकीपॉक्सच्या विषाणूचा डीएनए मिळाला. लेखाच्या मथळ्यात मात्र या नोंदी लैंगिक मार्गाच्या शक्यतेला 'पुष्टी देतात' एवढंच आहे. शब्द तोलून वापरला आहे, आणि तो तसाच वाचायला हवा.

कारण पीसीआर चाचणी शोधते ते जनुकांचे तुकडे. विषाणू जिवंत आहे की मेलेल्या विषाणूचा नुसता सांगाडा उरला आहे, हे तिला कळत नाही. शिवाय रक्तातून किंवा लघवीतून थोडा अंश वीर्यात उतरला असेल, ही शंकाही उरतेच.

१४ जुलैचा बार्सिलोनाचा लेख याच शंकेच्या उजेडात वाचावा. १२ रुग्णांच्या वेगवेगळ्या स्रावांचे नमुने तपासले होते. लाळेत डीएनए सगळ्या १२ जणांत, गुदद्वाराच्या स्वॅबमध्ये ११ जणांत, नाक-घशाच्या स्वॅबमध्ये १०, लघवीत ९, विष्ठेत ८. वीर्य ९ जणांनी दिलं, त्यात ७ नमुने पॉझिटिव्ह. वर्तमानपत्रांना यातलं वीर्य तेवढं दिसतं. मला मात्र हे आकडे उलट बाजूनेही बोलताना दिसतात: विषाणूच्या खुणा जिथे पाहाव्या तिथे मिळत असतील, तर वीर्यात मिळण्याचं वेगळेपण ते काय राहिलं?

आठवडाभरात 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ने १६ देशांतल्या ५२८ रुग्णांचा मोठा पट मांडला. वीर्य तपासलेल्या ३२ पैकी २९ जणांत डीएनए. हे वीर्य लागण करू शकतं का, ते तपासणं बाकी आहे, असं लेखकांनी स्वतःच नोंदवलं.

तपासायची रीत एकच: नमुना पेशींच्या थरावर टाकायचा आणि विषाणू वाढतो का ते पाहायचं. ऑगस्टच्या सुरुवातीला स्पॅलांझानीनेच 'लॅन्सेट इन्फेक्शस डिसीझेस'मध्ये ते दाखवलं. एका रुग्णाचं, लक्षणं सुरू झाल्यानंतर सहाव्या दिवशी घेतलेलं वीर्य; त्यातून वाढणारा, म्हणजे जिवंत विषाणू हाती लागला. डीएनए पुढे १९व्या दिवसापर्यंत मिळत राहिला. एकच रुग्ण, एकच नमुना. तरी 'सांगाडा' हा आक्षेप निदान या नमुन्यापुरता तरी निकालात निघाला.

म्हणजे वीर्यातूनच लागण होते, हे ठरलं का? नाही. शरीरसंबंधात कातडी, तोंड, लाळ सगळंच एकमेकांना लागतं; त्यातून एकटं वीर्य बाजूला काढून दोषी ठरवता येत नाही. माझ्या मते जास्त वजनाचा पुरावा आहे तो व्रणांच्या जागेचा. ५२८ पैकी ७३ टक्के रुग्णांचे व्रण गुप्तांग-गुदद्वाराच्या भागात होते. स्पेनमधल्या १८१ रुग्णांच्या अभ्यासात गुदमैथुनात ग्रहण करणाऱ्यांपैकी ३८ टक्क्यांना गुदाशयाचा दाह झाला होता. इतरांत हे प्रमाण ७ टक्के. विषाणू जिथून शिरला तिथेच त्याने आधी घर केलं, असं हे आकडे सुचवतात. त्याच अभ्यासात व्रणांतला विषाणूचा भार घशातल्यापेक्षा कितीतरी जास्त निघाला. वाहक म्हणून पहिला संशय म्हणूनच व्रणावर जातो.

वीर्याचा धागा तरीही सोडता येत नाही. २०२३चा आणखी एक स्पॅनिश अभ्यास ७७ जणांच्या मागे आठवडेच्या आठवडे राहिला. निम्म्यांच्या वीर्यातून डीएनए १३ दिवसांत गेला, पण ९० टक्क्यांचा टप्पा गाठायला ३९ दिवस लागले. बरं झाल्यावरही १२ आठवडे निरोध वापरा, या सल्ल्याचं गणित असं मुद्दाम जास्तीचं धरलेलं आहे.

हा सगळा पुरावा दुसऱ्या क्लेडचा, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या सौम्य शाखेचा. काँगोतल्या जहाल पहिल्या क्लेडबद्दल लैंगिक लागणीची नोंदच नव्हती. ती आली क्वांगो प्रांतातल्या केंगेहून. मार्च २०२३मध्ये तिथे एका पुरुषाची चाचणी पॉझिटिव्ह आली, मग त्याच्याशी शरीरसंबंध आलेल्यांपैकी काहींची. जागतिक आरोग्य संघटनेने ही साखळी २३ नोव्हेंबरच्या पत्रकात मांडली, तोवर आठ महिने उलटले होते.