नीरेचे पाणी आणि उसातील तण

दख्खनच्या कालव्यांचा इतिहास बहुधा धरणांच्या उंचीने आणि भिजलेल्या एकरांनी सांगितला जातो. तणाचा उल्लेख त्यात क्वचितच येतो. वस्तुतः उसाच्या शेतीत पाणी आणि तण यांचा इतिहास एकच आहे. दुसरा वगळला तर पहिल्याचा खर्च कळत नाही, असे प्रस्तुत टिपणाचे प्रतिपादन आहे.

कालव्यापूर्वी ऊस मोटेच्या पाण्यावर होई. प्रत्येक मोटेमागे बैलांचे व माणसांचे श्रम पडत. साहजिकच पाणी जपून दिले जाई आणि उसाचे क्षेत्र बेताचे राही. १८८५ मध्ये नीरा डावा कालवा सुरू झाला आणि हे गणित पालटले. पाणीपट्टी पिकाच्या एकरावर आकारली जाई, पाण्याच्या मापावर नव्हे. पट्टी भरल्यावर हात आखडण्यात बागाइतदाराचा प्रत्यक्ष लाभ नव्हता. उलट पुढील पाळी लांबण्याची धास्ती होती. खोल काळ्या जमिनींत निचरा होईना. भूजल वर आले आणि त्यासरशी क्षारही. डॉ. हॅरॉल्ड मान व त्यांचे सहकारी यांनी १९१० मध्ये नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यापूर्वीच विश्वेश्वरय्या यांनी ‘ब्लॉक’ पद्धत पुढे आणली होती. ब्लॉकच्या सुमारे एक-तृतीयांश क्षेत्रात ऊस व उर्वरित क्षेत्रात हंगामी पिके, अशी ती फेरपालट होती.

मात्र अतिपाण्याचा दुसरा परिणाम कागदोपत्री फारसा उमटला नाही. लागणीनंतरचे पहिले तीन-चार महिने ऊस सावकाश वाढतो. सरी उघडी राहते आणि पाणी तणालाही मिळते. हरळी कांड्यांनी पसरते, लव्हाळा गाठींनी. खुरप्याने शेंडा छाटला तरी गाठ जमिनीत उरते व पुढच्या पाण्यासरशी फुटते. येथे ‘वाफसा’ ही संज्ञा ध्यानात घ्यावी. ओल उतरून जमीन कामाजोगी झाल्याखेरीज भांगलण करता येत नाही. पाणी अधिक झाले की वाफसा उशिरा येतो, आणि तेवढ्यात तण उसाच्या पुढे जाते.

या कामास देशावर भांगलण, खानदेश-वऱ्हाडात निंदणी, तर कोकणातील भातशेतीत बेणणी म्हणतात. एका कामाची इतकी देशी नावे टिकली, ती मुख्यतः ते करणाऱ्या स्त्रियांच्या तोंडी. पाणीपट्टीची नोंद सरकारदफ्तरी राहिली. भांगलणीच्या रोजाची तशी राहिली नाही. परिणामी कालव्याच्या नफ्यातोट्याच्या हिशेबात हे श्रम जवळजवळ अदृश्य आहेत.

आज ठिबक सिंचनात मुळांलगतचाच पट्टा भिजतो व मधल्या कोरड्या जागेत तण कमी उगवते. पाण्याच्या मापाशी तणाचा संबंध किती निकट आहे, हे त्यावरून स्पष्ट व्हावे. कालव्यांच्या अभ्यासकांनी दफ्तरांबरोबर भांगलणाऱ्या वृद्ध स्त्रियांच्या आठवणी व त्यांचे शब्द नोंदविणे अगत्याचे आहे; ते काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही.